पाण्याकाठी जाताना या चुका टाळा: भिगवण, कवडी आणि खडकवासल्याचे अनुभव

दिवाळी झाली की फोन सुरू होतात. "ताई, शनिवारी भिगवणला चाललोय. फ्लेमिंगो दिसतील ना?" मी विचारते, "उजनी किती टक्के आहे?" पलीकडे दोन क्षण कुणी काही बोलत नाही. मग उत्तर येतं, "ते कशाला बघायचं?"

मी हडपसरला राहते, शाळेत शिकवते आणि गेली सतरा-अठरा वर्षं हिवाळ्यातले बहुतेक रविवार पाण्याकाठी घालवते. कधी मुलांना घेऊन, कधी सोसायटीतल्या लोकांना घेऊन, कधी एकटीच. इतक्या वर्षांत चुका करणारी माणसं बदलली, चुका मात्र त्याच राहिल्या. काही चुकांनी फक्त दिवस वाया जातो, काही पक्ष्यांच्या जिवावर येतात आणि काही आपल्या. म्हणून एकदाचं सगळं सविस्तर लिहून काढतेय.

धरणाची टक्केवारी न बघता निघणं

भिगवणचं तळं हे नैसर्गिक तळं नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं, त्याचा जलाशय म्हणजे यशवंतसागर, आणि भिगवण, डिकसळ, कुंभारगाव ही त्याच्या फुगवट्यावरची, म्हणजे धरणामागे पसरलेल्या पाण्याच्या काठची गावं. धरणाचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातला 53.57 टीएमसी उपयुक्त, बाकीचा मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापराबाहेरचा. टक्केवारी मोजतात ती फक्त उपयुक्त साठ्याची. म्हणूनच उन्हाळ्यात "उजनी मायनसमध्ये गेली" अशी बातमी येते. 2024 च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली उतरली होती.

याचा पक्ष्यांशी संबंध काय? फ्लेमिंगोचे, म्हणजे आपल्या रोहितचे पाय कितीही लांब असले, तरी चरायला त्याला उथळ पाणी लागतं. तो चोच उलटी करून पाण्यात घालतो, चिखलपाणी आत घेतो आणि त्यातलं शेवाळ नि बारीक जीव गाळून घेतो. पाऊस संपतो तेव्हा पुण्याच्या वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी येऊन बहुतेक वर्षी उजनी शंभर टक्क्यांच्या पुढे गेलेली असते. पाणी अगदी बेशरमाच्या झुडपांपर्यंत चढलेलं. सगळे गाळपट्टे पाण्याखाली. मग रोहित उभा राहणार कुठे? नोव्हेंबरात एकदा एका गृहस्थांनी नावाड्याला हाच प्रश्न जरा रागाने विचारला, तेव्हा मामा म्हणाले, "आवो सायेब, पानी लई हाय अजून. पाखरं काय पवत उभी राहत्याल?"

पुढे शेतीला आवर्तनं सुटतात, पाणी उतरतं, काठाचा गाळ उघडा पडतो आणि पाखरं उतरायला लागतात. माझा अंदाज असा: साठा सत्तर-साठ टक्क्यांच्या आसपास घसरला की बॅग भरायची. कधी हे जानेवारीत होतं, कधी फेब्रुवारी उजाडतो. कॅलेंडरवर जाऊ नका. पेपरात धरणसाठ्याची चौकट येते, ती मी गुरुवारी कापून फ्रीजवर लावते आणि त्याच संध्याकाळी नावाड्याला फोन करते. फोनवर "पक्षी आहेत का" असं विचारायचं नाही, कारण त्याला कोण नाही म्हणेल? विचारायचं, "मामा, रान किती उघडं पडलंय?" या प्रश्नाचं उत्तर खरं मिळतं.

आणि पाणी भरलेलं असताना गेलातच, तर रोहितचा हट्ट सोडा. सुरय, कुरव, पाणकावळे, मासा पायात धरून उडणारा कैकर, हळदी-कुंकू बदकं हे सगळं असतंच. पण "फ्लेमिंगो नाहीत, मग काय बघायचं" म्हणून नऊ वाजता चिलापी माशाच्या थाळीकडे वळणारी माणसं मी इतकी पाहिली आहेत की आता समजवायचाही कंटाळा येतो.

उशिरा निघणं

पुण्याहून भिगवण साधारण 100 किलोमीटर. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे हडपसरहून साडेचारला गाडी हलली पाहिजे. "सहाला निघू, वाटेत नाश्ता करू" असं म्हणणारा गट पाण्यावर पोहोचतो साडेनऊला. तोवर ऊन चढलेलं असतं, पाण्यावर चकाकी आलेली असते, वारा उठलेला असतो आणि पहाटेच्या पाच-सात होड्यांनी पाखरांना एकदा हलवलेलं असतं. पोहे डब्यात घ्या आणि होडीतून उतरल्यावर खा. यात मी कुणासाठीही तडजोड करत नाही. साडेचारला जो गेटवर नसतो, त्याला सोडून गाडी जाते.

वाळलेला दिसतो म्हणून गाळावर चालत जाणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण हिच्यापायी एक मुलगा माझ्या डोळ्यांदेखत रुतला होता.

फेब्रुवारी महिना होता. डिकसळच्या बाजूला आम्ही आठ जण काठावर उभे होतो. समोर शंभर-दीडशे मीटरवर रोहित चरत होते. मधला गाळ उघडा पडलेला, वर उन्हाने तडकून फरशीसारखी खपली धरलेली. आमच्यात एक तरुण इंजिनियर होता, पहिल्यांदाच आलेला, कुणाचीतरी मोठी लेन्स दोन दिवसांसाठी मागून आणलेली. मी सगळ्यांना सांगितलं होतं की काठावरच्या गवताच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. तो म्हणाला, "मॅडम, कोरडंच आहे की," आणि निघाला. पहिली वीस-पंचवीस पावलं खरंच कोरडी गेली. तीच फसवतात.

मग खपली फुटली. एक पाय गुडघ्यापर्यंत आत. तो बाहेर ओढायला त्याने सगळा भार दुसऱ्या पायावर टाकला, तर दुसरा मांडीपर्यंत गेला. खालचा गाळ म्हणजे काळं लोणी. तो आणखी जोर लावायला लागला, आणखी खाली जायला लागला. कॅमेरा दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेला, त्यामुळे तोलही सावरेना. आमच्यातले दोघे त्याला धरायला धावले, त्यांना मी दंडाला धरून मागे ओढलं. ते गेले असते तर एकाचे तीन झाले असते.

पलीकडे एक मामा जाळं उकलत बसले होते. त्यांनी तिथूनच आवाज दिला, "हलू नगंस! खाली बस. मागं रेल." त्याला ते पटेना. चिखलात पाठ टेकवायला कुणाचं मन धजतं? पण मामांनी दुसऱ्यांदा दरडावलं तेव्हा तो मागे रेलला आणि त्याचं खाली जाणं थांबलं. मग मामांनी होडीतली बसायची फळी आणली, शेजारच्या शेतातून ज्वारीच्या कडब्याच्या पाच-सहा पेंढ्या आणल्या आणि एकेक पेंढी पुढे अंथरत, स्वतः फळीवर पालथे पडून त्याच्यापर्यंत सरकले. आधी कॅमेरा घेतला. मग त्याला सांगितलं की पाय वर ओढायचा नाही, नुसता आतल्या आत हळूहळू गोल हलवायचा, म्हणजे पायाभोवती पाणी शिरतं आणि गाळाची पकड सैल होते. एक पाय, मग थोडा दम, मग दुसरा. पाऊण तास लागला. उजव्या पायाचा बूट अजून तिथेच असेल. पोरगा काठावर आला तेव्हा थरथरत होता, आणि ते थंडीने नव्हतं.

तेव्हापासून माझ्या हातात खांद्याएवढी बांबूची काठी असते. गवताच्या पलीकडे जायची वेळ आलीच, तर दर दोन पावलांवर काठी रोवून बघायची. वीतभर सहज आत गेली की तिथून परत. दुसरी खूण म्हशींची. जिथून म्हशी पाण्यावर जातात तिथे त्यांच्या खुरांचे ठसे बघा. दोन बोटं खोल असतील तर जमीन घट्ट आहे, ठसा पोटरीएवढा खोल असेल तर म्हैससुद्धा तिथून कशीबशी निघाली आहे असं समजा. ठसे नसतीलच, तर त्याहून सावध राहा. गावातली जनावरं ज्या वाटेने जात नाहीत, त्या वाटेला काहीतरी कारण असतं.

आणि मोबाइलमधला नकाशा बघून काठ शोधू नका. उजनीचं पाणी महिन्याला किलोमीटर-किलोमीटर मागेपुढे सरकतं, नकाशातली निळी कड तशीच राहते. जुन्या गावांचे रस्तेही त्यात दिसतात. ते सरळ पाण्यात जातात. ओळखीच्या नसलेल्या वाटेला लागण्याआधी गाडी थांबवून बांधावरच्या माणसाला विचारायला काय लागतं? पण नव्या मंडळींना काच खाली करायचाच आळस.

गाडीचंही तेच. अवकाळी शिंतोडे पडून गेले असतील तर काळ्या रानातल्या वाटेवर चारचाकी घालू नका. घातलीत आणि रुतली, तर ॲक्सिलरेटर दाबून चाकं फिरवत बसू नका, खड्डा खोल होतो. सगळ्यांना उतरवा, चाकापुढे पाचट नाहीतर पोती घाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू काढा. नाही निघाली तर ट्रॅक्टरवाल्याची वाट बघा आणि त्याला त्याच्या डिझेलचे पैसे मोकळ्या हाताने द्या.

"दादा, जरा जवळ घे ना"

होडीत बसल्यावर पाच मिनिटांत हे वाक्य येतंच. आणि त्याच्यापुढचं, त्याहून वाईट: "एकदा उडवून दाखव ना, उडताना पंख लाल दिसतात."

दिसतात, खरंच सुंदर दिसतात. पण ते काय मोलाने दिसतात ते ऐका. रोहित जागेवरून चिमणीसारखा भुर्रकन उडत नाही. मान पुढे ताणून, पाण्यावर धावत धावत त्याला वेग घ्यावा लागतो. चिखल गाळून मिळवलेली ताकद त्यात खर्ची पडते. ही पाखरं दुरून, कच्छसारख्या वीण घालण्याच्या जागांकडून आलेली असतात, आणि परत तेवढंच अंतर कापायचं असतं. पट्ट कादंब नावाचे हंस तर हिमालय ओलांडून येतात. त्यांना इथे चरून अंगात साठा करायचा असतो. दर अर्ध्या तासाला कुणीतरी उडवायला लागलं तर तो साठा होणार कधी?

एका वर्षी मी आमच्या सोसायटीतल्या एका आजींना घेऊन गेले होते. वय ऐंशीच्या आसपास, गुडघे दुखरे. नातवाने हात धरून होडीत बसवलं. त्यांना एकदा रोहित बघायचे होते, बास. आमच्या मामांनी लांबच इंजिन बंद केलं आणि बांबूने रेटत रेटत होडी तिरकी घ्यायला सुरुवात केली. पंधरा-वीस मिनिटं लागणार होती. आजी गप्प बसून दुर्बीण डोळ्याला कशी लावायची ते शिकत होत्या. तेवढ्यात मागून दोन होड्या आल्या, इंजिन चालू. त्यातल्या एका माणसाने नावाड्याच्या हातात वरचे दोनशे रुपये ठेवले, हे मी पाहिलं. होडी सरळ थव्यात घुसली. तीन-चारशे पाखरं एकदम उठली, त्या होडीत टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या, व्हिडिओ निघाले. थवा पार पलीकडच्या काठाला, करमाळ्याच्या बाजूला गेला. आजींची दुर्बीण तोवर नीट लागलीसुद्धा नव्हती. त्यांनी विचारलं, "गेले का गं?" आम्ही दीड तास थांबलो. परत आले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात आजी नव्हत्या.

मला त्या नावाड्याचा राग येत नाही. त्याची मासेमारी बेभरवशाची, हंगाम चार महिन्यांचा, आणि समोरचा माणूस पैसे दाखवतोय. तिथले भोई समाजाचे अनेक तरुण आज पक्ष्यांची नावं मराठी-इंग्रजीत सांगतात, कोणता पक्षी कधी आला याचा हिशेब त्यांच्याकडे असतो, आणि पाखरू उडवू नये हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना वाकवतो आपला उतावीळपणा.

म्हणून होडीत पाय ठेवण्याआधीच मी बोलून घेते: "मामा, एकही पाखरू उडालं नाही पाहिजे. उशीर झाला तर होऊ दे, जास्तीच्या तासाचे पैसे माझ्याकडे." हे पहिल्यांदा ऐकलं की त्यांच्या चेहऱ्यावर जो मोकळेपणा येतो तो बघण्यासारखा असतो.

किती जवळ हे कसं ओळखायचं? मीटर मोजू नका, पाखराची मान बघा. चरणाऱ्या थव्यात बहुतेक डोकी पाण्यात असतात. आपण जवळ जायला लागलो की आधी कडेचं एक डोकं वर येतं, मग तीन, मग दहा. माना काठीसारख्या ताठ होतात. मग ती सगळी एकाच दिशेला, एकमेकांना चिकटून चालायला लागतात. पहिल्या दोन-तीन माना वर आल्या की थांबायचं. चालायला लागली म्हणजे तुम्हाला आधीच उशीर झाला आहे. होडी तिथेच स्थिर ठेवली, कुणी उभं राहिलं नाही, तर दहा मिनिटांत डोकी परत खाली जातात, आणि बऱ्याचदा ती चरत चरत आपणहून तुमच्याकडे सरकतात. मला मिळालेले सगळे चांगले फोटो असे थांबून मिळालेत.

विणीच्या जागी तर याहून दूर राहा. भादलवाडीच्या तलावातल्या बाभळींवर चित्रबलाक करकोच्यांची वसाहत असते. मोठी पाखरं घरट्यावरून उठली की पिल्लं उन्हात उघडी पडतात आणि कावळे-घारी टपलेलेच असतात. बांधावरून दुर्बिणीने बघा. ड्रोन घरी ठेवा.

लाइफ जॅकेट मांडीवर घेऊन बसणं

जॅकेट अंगात घाला, पट्टे आवळा, सगळी बक्कलं लावा. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट घातलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून येतं, म्हणून मुलांच्या मापाचं आहे का हे आदल्या दिवशी फोनवरच विचारा. मी होडीत चढण्याआधी प्रत्येकाचं जॅकेट खांद्याला धरून वर ओढून बघते. कानापर्यंत आलं तर परत आवळायला लावते. "फोटोत चांगलं दिसत नाही" म्हणून जॅकेट काढणारी माणसं माझ्याबरोबर दुसऱ्यांदा येत नाहीत, मी नेत नाही.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर होडीत बसूच नका. सकाळी आरशासारखं असलेलं ते पाणी वळवाचा वारा सुटला की ओळखू येत नाही. 21 मे 2024 च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर हे घडलं. आपण तर तिथले पाहुणे. पश्चिमेला काळं दिसलं आणि नावाडी म्हणाला "नको", तर शंभर किलोमीटर आलोय म्हणून त्याला गळ घालू नका.

"गुडघाभरच तर पाणी आहे"

धरणाचा फुगवटा म्हणजे बुडालेलं गाव असतं. उजनीचं पाणी खूप उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि ते बघायला गर्दी होते. देवळासारख्याच तिथे जुन्या विहिरी आहेत, वाड्यांच्या भिंती आहेत, ओढ्यांची पात्रं आहेत. वरून सगळं सारखंच मातकट पाणी. गुडघाभर पाण्यातून चालणाऱ्याचा पुढचा पाय विहिरीत पडू शकतो. त्यात मासेमारीची तंगूसाची, म्हणजे नायलॉनच्या बारीक धाग्याची जाळी, जी पायात अडकली की पट्टीचा पोहणाराही सुटत नाही.

खडकवासल्याची गोष्ट वेगळी नाही. चौपाटीवर भजी खा, कणीस खा, सूर्यास्त बघा. पण काठावरून उतरून "पाय बुडवून येतो" म्हणणाऱ्यांच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, आणि वाचावं तर बहुतेक वेळा एकाला वाचवायला दुसरा उतरलेला असतो. कुणी बुडत असेल तर उडी मारू नका. माझ्या गाडीच्या डिकीत पंधरा मीटर सुती दोरी आणि झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन कायम असतो. कॅनला दोरी बांधून फेकली की तो तरंगतो, माणूस त्याला धरतो आणि आपण काठावर पालथं पडून ओढू शकतो. दोरी नसेल तर ओढणी, पँट, एकमेकांना बांधलेले शर्ट, जे असेल ते.

पावसाळ्यात तर पात्रात उतरायचं नावच काढू नका. आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि घाटमाथ्यावर कोसळत असतं. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. आधी साधं वाटणारं पाणी बघता बघता वाढलं. विसर्गाचा भोंगा वाजला, किंवा गढूळ पाणी आणि काटक्या-पाला वाहत यायला लागला, की चपलासुद्धा शोधत बसू नका, वर या.

बारीकसारीक, पण रोजच्या

लाल, पिवळे, पांढरे कपडे नकोत. मातकट, खाकी, शेवाळी घाला.

टोपी आणि पाणी विसरू नका. फुगवट्यावर सावलीचं झाड मिळत नाही.

कुरव पक्ष्यांना शेव-गाठी टाकू नका. मिठामसाल्याचं तळण त्यांच्या पोटात कशाला? आपल्याला चार फोटो मिळतात, त्यांना भीक मागायची सवय लागते.

स्पीकर नको. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचंही नाही.

दुर्बीण एकट्याची नसते, फिरवत राहा. नव्या माणसाने आधी दुर्बीण घ्यावी, कॅमेरा दोन हिवाळे उशिरा घेतला तरी चालतो. हे मी सगळ्यांना सांगते आणि जवळजवळ कुणीच ऐकत नाही.

बायकांनो, स्वच्छतागृहाची सोय महामार्गावरच उरकून घ्या. पुढे भरवसा नाही.

"कवडीला काय, घाणच आहे"

शंभर किलोमीटर गाडी हाकायला लोक तयार असतात, पण लोणी काळभोरच्या अलीकडे, घरापासून अर्ध्या तासावर असलेल्या कवडीपाटला जायला नाक मुरडतात. तिथे मुळा-मुठेवर जुना बंधारा आहे. पाण्याला वास येतो हे खरं आहे. बंधाऱ्याखाली पांढरा फेस दाटतो, जलपर्णीत बाटल्या आणि निर्माल्याच्या पिशव्या अडकलेल्या असतात. तरी डिसेंबरच्या सकाळी तिथे चक्रवाक असतात, थापट्या असतात, शेकाटे असतात, तुतवार, धोबी, नदी सुरय, शराटी, सगळं पायी चालत, होडीशिवाय, फुकट बघायला मिळतं. शिकायचं असेल तर पहिलं वर्ष इथेच काढावं असं माझं ठाम मत आहे.

इथे दोन चुका होतात. पहिली, पाण्यात उतरणं. हे शहराचं सांडपाणी आहे. पायाला खरचटलेलं असेल तर काठावरही बंद बूट घालूनच फिरा, आणि डबा उघडण्याआधी हात साबणाने धुवा. आमच्या गटातल्या एकाने चपलेत फिरून टाचेची जखम चिघळवून घेतली होती, तीन आठवडे लंगडत होता.

दुसरी चूक पक्षी बघून "म्हणजे पाणी चांगलंच असणार" असं मानणं. शेकाट्या घाणेरड्या पाण्यातही मजेत राहतो. तो शेकड्याने दिसायला लागला तर आनंद मानण्यासारखं काही नाही. किती पक्षी यापेक्षा कोणते पक्षी आणि कोणते कमी झाले, हे वहीत लिहा. हेच पाणी पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळतं, दौंडवरून उजनीत जातं. भिगवणला ज्या पाण्यावर होडी चालते त्यात कवडीचा फेस मिसळलेला असतो. म्हणून कवडीला एखादी बाटली उचलली तर ती पुढच्या महिन्यात मला भिगवणला भेटत नाही, असं मी मुलांना सांगते. प्रत्येकाने येताना एक पोतं आणायचं आणि भरून न्यायचं, एवढाच नियम.

पक्षी दिसलेच नाहीत तर?

हा तक्रारीचा फोन दर सोमवारी येतो. "गेलो, फिरलो, काहीच नव्हतं." मी विचारते, किती फिरलात? "दोन-तीन किलोमीटर." मग कसे दिसतील?

एका जागी बसा. बसकर घेऊन जा, झुडपाला पाठ लावा, सूर्य पाठीमागे ठेवा आणि घड्याळ लावून पंचवीस मिनिटं बोलू नका. पहिली पाच-सात मिनिटं टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहते. सगळ्या पाणथळीला ती तुमची खबर देते. ती गप्प होऊन खाली उतरली की समजा, तुमची दखल घेणं संपलं. मग शेपूट हलवत धोबी येतो, दगडावर तुतवार येतो, लव्हाळ्यातून पाणकोंबडी डोकं काढते, गेलेली बदकं कडेकडेने परत येतात. गेल्या डिसेंबरात पाचवीच्या चौदा मुलांना कवडीला असं बसवलं होतं. पहिल्या दहा मिनिटांत चुळबुळ झाली, एकाला शिंक आली, दोघांना तहान लागली. साडेआठला वह्या गोळा केल्या तेव्हा सगळ्यांची मिळून तेवीस जातींची यादी झाली होती, आणि खंड्याने मासा दगडावर आपटून मग गिळला हे एकाच मुलीने पाहिलं होतं, म्हणून बाकीचे तिच्यावर रुसले होते.